न जळणारं फडकं

सोलापूर, ता. २५ ऑक्टोबर १९३१

ती. रुक्मिणीवन्सं यांस,
पद्मजेचे शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र दसऱ्याच्या दिवशीच आलं. प्रभा ते घेऊन अंगणभर नाचली. ‘आत्यानं मला मुंबईला बोलावलंय’ असं तिनं शेजारीपाजारी सांगून टाकलं आहे. तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही, हे मी कुणाला सांगितलं नाही.

इकडे सर्व ठीक. ह्यांचा खोकला मात्र अजून हटत नाही. दोन पावसाळे झाले. कोरडा खोकला, कफ पडत नाही, ताप नाही. गिरणीतून चालत येतात, तर कोपऱ्यावर थांबून भिंतीला हात लावतात आणि मी दारात दिसले की चपलेतला खडा काढल्यासारखं करतात. वैद्यांनी अडुळसा दिला. तुम्ही तिथल्या डॉक्टरांना विचारून एखादी बाटली पाठवाल का?

आता एक गंमत लिहिते. ह्यांच्या हाताखाली हाशममिस्त्री आहेत ना, बॉयलरच्या नळ्यांना ते पांढरं आवरण चढवणारे, त्यांनी ह्यांच्याबरोबर एक हातभर कापड पाठवलं. ह्यांनी चुलीवरची पातेली उतरवायला म्हणून मला दिलं. सासूबाईंनी बघितलं नि विचारलं, “कुणी दिलं?” हे म्हणाले, “हाशमनं.” झालं! “माझ्या सोवळ्याच्या चुलीपाशी ते?” म्हणून त्यांनी ते चिमट्यात धरून थेट निखाऱ्यांत टाकलं. आम्ही बघत बसलो. कापड लाल झालं, पण जळेना. बाहेर काढलं तर आधीपेक्षा पांढरं. सासूबाईंनी ते उलटसुलट करून बघितलं. मग हात जोडून म्हणाल्या, “अग्नीनं पदरात घेतलं बाई ह्याला.” तेव्हापासून त्या फडक्याचा मान सोवळ्याच्या रेशमी कदापेक्षा मोठा. विटाळ झाला तरी धुवायला नको, निखाऱ्यांत टाकायचं, दारात नेऊन झटकायचं की सोवळं. रोज सकाळी सोप्यात उन्हाच्या तिरपीत त्याची पांढरी कुसं तरंगतात आणि प्रभा ती ओंजळीत धरायला धावते. गल्लीतल्या बायका बघायला येतात.

ह्यांनी आणलेली त्यातलीच पांढरी पूड मातीत कालवून मी चूल घातली. तडा म्हणून गेला नाही. मला वाटतं, बारा वर्षं ह्यांचे कपडे रोज परसात झटकून जी पूड फुकट घालवली, तिच्यात दहा चुली झाल्या असत्या!

पत्राचं उत्तर लवकर द्यावं. सासूबाईंनी आशीर्वाद सांगितला आहे, असं लिहायला हवं. पण तुम्हांला खोटं वाटेल म्हणून लिहीत नाही.

तुमची
पद्मजा

—

मुंबई, ता. ४ नोव्हेंबर १९३१

चि. सौ. पद्मजा हिस अनेक आशीर्वाद.

बाटली सोबत पाठवते आहे. तिनं घसा ओला राहील, एवढंच.

तुझं पत्र मी इथल्या एका डॉक्टरांना वाचून दाखवलं. मी तुझी गंमत त्यांना हसत हसतच सांगत होते. त्यांनी मला मध्येच थांबवून ‘बारा वर्षं कपडे कोण झटकतं?’ एवढंच विचारलं. मग कपाटातून एक विलायती मासिक काढून समोर ठेवलं. त्या पांढऱ्या वस्तूला अ‍ॅस्बेस्टॉस म्हणतात. तो कापूस नव्हे, दगड आहे, दगडाचेच तंतू. श्वासातून छातीत गेले की तिथेच राहतात, आणि छाती हळूहळू आतून कडक होत जाते. विलायतेत त्या कारखान्यांसाठी यंदा कायदा केला आहे. सोलापूरच्या परसासाठी कोण कायदा करणार? म्हणून मी लिहिते ते नीट वाच.

यज्ञेश्वरचे कपडे यापुढे झटकू नकोस. दारातच उतरवून ताबडतोब बादलीत बुडव. कोरडा केर काढू नकोस. आधी हातानं बारीक पाणी शिंपड, मग ओल्या फडक्यानं पुसून घे, आणि ते फडकं वाळवू नकोस. वाळलं की सगळं पुन्हा हवेत. चूल मात्र फोडू नकोस! फोडलीस तर जे मातीत दडलं आहे तेच बाहेर येईल. वरून शेणमातीचा जाड हात दे आणि रोजचं पोतेरं कधी चुकवू नकोस. उरलेली पूड आणि ते फडकं चिंब भिजवून मडक्यात घाल, तोंड मातीनं लिंपून टाक आणि जिथे कुणी कधी खणणार नाही अशा जागी खोल पूर.

यज्ञाला तो हुद्दा सोडायला सांग. दुसऱ्या खात्यात बदली मागता येते.

आईला हे सांगू नकोस. माझं नाव तर मुळीच घेऊ नकोस. विधवा मुलगी दवाखान्यात सतरा जातींची अंगं पुसते, तिच्या हातचं पाणी ती घेत नाही. अक्कल कशी घेईल? आणि मुलाच्या छातीत काय आहे हे तिला एकदम कळलं, तर ती काय करील ते मला सांगता येत नाही. ते फडकं एखाद्या दिवशी तिच्या नकळत काढून घे.

प्रभाला दारात येऊ देऊ नकोस.

तुझी
रुक्मिणी

—

सोलापूर, ता. २९ नोव्हेंबर १९३१

ती. वन्सं यांस सा. न.

तुम्ही लिहिलंत तसं सगळं सुरू केलं. संध्याकाळी बादली भरून दारात ठेवते. हे हसतात. “राजाला सुद्धा दारात कुणी असं सोलत नाही,” म्हणतात. पण कपडे उतरवून देतात. चूल लिंपली. पूड मडक्यात घालून परसाच्या कोपऱ्यात पुरली, आणि पुढच्या बिऱ्हाडकरूंना कळावं म्हणून त्यावर जुना पाटा पालथा ठेवला.

फडक्याचं मात्र जमलं नाही. सासूबाई देवाला गेल्या असताना मी ते बादलीत बुडवलं, तेवढ्यात त्या परतल्या.

“काय करतेस?”

“धुते आहे.”

“अग्नीनं शुद्ध केलेल्याला तुझं पाणी आणखी काय शुद्ध करणार? आण इकडे.”

मी म्हटलं, “त्याची कुसं पोरीच्या नाकात जातात.”

“जाऊ देत. होमाचा धूर जातो तो काय वाईट असतो?” असं म्हणून त्यांनी ते माझ्या हातातून ओढून घेतलं आणि मी बाटवलं म्हणून पुन्हा निखाऱ्यांत टाकलं. आता ते त्यांच्या उशाखाली असतं.

बदलीचं ह्यांनी हसण्यावारी नेलं. तेव्हा मी हाशममिस्त्रींना विचारायचं ठरवलं. ते परवा स्वतःच आले होते. ओट्यावर बसून त्यांनी आधी दम घेतला, मग बोलले. “वैनीसाब, आमी ह्याला दगडाचा कापूस म्हंतो. जळत न्हाय, सडत न्हाय, उंदीर खात न्हाय. त्येला हात लावणारं मानूसच तेवढं झिजतंय.” ह्यांनी विचारलं, “मग सोडत का नाहीस?” तर म्हणाले, “सायेब, तुमी सोडा की. तुमी सोडल्याव मी बगतो.” दोघंही हसले. दोघांनाही हसता हसता खोकला आला.

प्रभा सर्दीनं दोन रात्री खोकली. सर्दीच होती. मी तिच्या छातीला कान लावून बसले होते.

तुमची
पद्मजा

—

मुंबई, ता. १० जानेवारी १९३२

चि. सौ. पद्मजा हिस आशीर्वाद.

यज्ञाला घेऊन ये. इथे छातीची फोटोची काच काढतात, त्यात आतलं दिसतं. डॉक्टरांनी फुकट काढायचं कबूल केलं आहे. रजा मिळेल तेव्हा या, पण उन्हाळ्याआधी या. बदलीचं मीच त्याच्याशी बोलेन.

फडक्यासाठी आईशी भांडू नकोस. ती झटकायला निघाली की प्रभाला काही काम काढून परसात पाठव आणि मागाहून दारात पाणी शिंप. एवढं तरी होईल.

तू धडधाकट आहेस म्हणून मला धीर आहे. घरात एकटी तू अशी आहेस.

रुक्मिणी

—

सोलापूर, ता. ३ मे १९३२

ती. वन्सं यांस सा. न.

आम्ही सुखरूप पोचलो. तुम्ही दिलेले दडपे पोहे ह्यांनी दौंडच्या आधीच संपवले.

काय सांगू, ह्यांच्या आनंदाला सीमा नाही. ‘क्षय नाही’ असं डॉक्टर म्हणाले ना, तेवढंच ह्यांनी ऐकलं. मोहोळ मागे पडलं तेव्हा डब्यातल्या अनोळखी माणसांनासुद्धा सांगत होते, “क्षय नाही बरं का आपल्याला.” घरी येताच पेढे आणले, देवापुढे ठेवले, गिरणीत वाटले. सासूबाईंनी दृष्ट काढली. बदलीचं नाव निघालं की म्हणतात, “आता कशाला? क्षय नाही.” सोमवारपासून पुन्हा कामावर जातात.

हाशममिस्त्रींच्या घरी पेढे घेऊन गेले, तर दारात माणसं बसलेली. आदल्या दिवशीच ते गेले. पेढ्यांचा पुडा ह्यांच्या हातातच राहिला. दोन दिवसांनी मी त्यांच्या बायकोला, जमीलाला, भेटायला गेले. त्यांचे कामाचे कपडे खुंटीला तसेच होते. मी सांगितलं, “झटकू नका, आधी भिजवा.” ती म्हणाली, “अब किसके वास्ते भिगाऊं, भाबी?” मग मीच बादली मागून घेतली आणि भिजवले.

वन्सं, काच उजेडासमोर धरली तेव्हा डॉक्टर इंग्रजीत बोलत होते. मला इंग्रजी येत नाही. पण तुमच्याकडे बघत होते मी. तुम्ही आम्हांला म्हणालात, ‘विश्रांती घेतली की उतार पडेल.’ बोरीबंदरला गाडी सुटताना तुम्ही ह्यांच्या हाताला हात लावलात आणि काढलातच नाही, गाडीबरोबर चार पावलं चालत आलात.

मला खरं काय ते लिहा. पत्र माझ्या नावानं पाठवा. पोस्टमन दुपारी येतो, तेव्हा हे घरी नसतात.

पद्मजा

—

मुंबई, ता. २० जून १९३२

चि. सौ. पद्मजा हिस आशीर्वाद.

सहा आठवडे हे पत्र लिहिते आहे आणि फाडते आहे.

औषध नाही. विलायतेतही नाही. दोन्ही फुप्फुसं खालून वर भरत आली आहेत. काम आज सोडलं तरी जे आत गेलं ते बाहेर येत नाही. थोडे दिवस जास्त मिळतील, एवढंच. डॉक्टर म्हणाले, एक वर्ष, फार तर दोन. यज्ञानं ‘क्षय नाही’ म्हणून माझ्याकडे बघितलं तेव्हा तो आठ वर्षांचा दिसत होता. परीक्षेत पास झाला की असाच बघायचा. मी परक्यांना रोज खरं सांगते आणि भावाला सांगू शकले नाही. तुला तरी सांगायला हवं होतं. माझी चूक झाली.

आता दुसरं विचारते, त्याचं उत्तर दे. स्टेशनच्या पुलावर तू दोनदा ट्रंकेवर बसलीस. मी समजले, ओझं जड आहे. घरी आल्यावर आठवलं, ट्रंक हमालाच्या डोक्यावर होती, तू ती खाली ठेवायला लावलीस. पद्मजा, न थांबता तू जिना किती चढतेस?

आईला अजून काही सांगू नकोस. वेळ आली की मी येईन आणि मीच सांगेन. तोपर्यंत फडकं तिच्या उशाखाली असेल तर असू दे, झटकलं नाही म्हणजे झालं.

रुक्मिणी

—

मुंबई, ता. १४ डिसेंबर १९३२

चि. पद्मजा,

तार मिळाली त्याच गाडीनं निघायला हवं होतं. वॉर्डात पटकीचे रोगी होते, सोडलं नाही. आईनं दारातून आत घेतलं असतं की नाही, हाही विचार मनात आला, तेही लिहिते.

तुझ्या नावामागे ‘सौ.’ लिहायला हात आपोआप गेला. ते खोडण्यापेक्षा मी नवा कागद घेतला.

त्याला शेवटी त्रास झाला का? निजता येत होतं का, की बसूनच होता? नको, लिहू नकोस.

माझ्या जूनच्या पत्राचं उत्तर तू दिलं नाहीस. मी ते पुन्हा विचारते आहे. आणि प्रभाचं काय, तेही कळव. माझी खोली लहान आहे, पण तिला खिडकी आहे.

रुक्मिणी

—

सोलापूर, ता. २२ जानेवारी १९३३

ती. वन्सं यांस सा. न.

तुम्ही विचारलंत, मी जिना किती चढते. आपल्या घराला जिना नाही.

दुसरं सांगायचं आहे ते मात्र सगळं सांगते. तुम्ही दोनदा बजावलं होतंत की सासूबाईंना सांगू नकोस. मी सांगितलं. संक्रांतीच्या आदल्या दिवशी त्यांनी फडकं निखाऱ्यांतून काढलं आणि दारात जाऊन झटकलं. प्रभा तिथेच होती. तिनं पूर्वीसारखी ओंजळ पुढे केली. माझ्या हातात पाण्याचं भांडं होतं, ते मी आपटलं आणि ओरडले, “ह्यानंच खाल्लं तुमच्या मुलाला! हेच त्यांच्या छातीत भरलं होतं! आता नातीला भरवताय?” काच, डॉक्टर, हाशममिस्त्री, काही बाकी ठेवलं नाही. त्या रडल्या नाहीत. फडकं घडी करून पदराखाली धरलं आणि आत गेल्या.

मला हलकं वाटलं, वन्सं. खरं सांगते. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा वाटलं की आता उद्या त्या आपणहून ते माझ्या हातात देतील.

संक्रांतीला सकाळी मी तळ्याकडे गेले होते. गड्ड्याच्या यात्रेला गाव लोटला होता, गर्दीतून यायला उशीर झाला. गल्लीत शिरले तर आपल्या घरातून खलबत्त्याचा आवाज. आपलं दुखवट्याचं वर्ष, सण नाही, तीळगूळ नाही. मला वाटलं, पोरीचं तोंड बघवलं नाही म्हणून म्हातारी मूठभर तीळ कुटते आहे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. घाईनं आत जायचं नाही, त्यांना लाजल्यासारखं होईल, म्हणून मी ओट्यावर बसून राहिले. दम पण घ्यायचा होता. किती वेळ बसले कोण जाणे. आवाज थांबत नव्हता.

आत गेले, तर स्वयंपाकघर पांढरं. फडताळ, देवारा, हंडे, सगळ्यावर थर. सासूबाईंचे केस, भुवया पांढऱ्या. रोज निखाऱ्यांत जाऊन ते कापड आधीच ठिसूळ झालं होतं. त्यांनी पहाटेपासून चुलीत लाकडावर लाकूड घालून ते जाळायला बघितलं होतं. जळेना, तेव्हा खलात घेतलं. आणि कुटताना खल हलतो म्हणून समोर प्रभा बसली होती, दोन्ही हातांनी खल धरून.

“आई, बघ,” ती म्हणाली, “आजी त्याचं पीठ करतेय. बाबांना त्यानं मारलं ना?”

सासूबाई मान वर न करता म्हणाल्या, “जाळून जात नाही म्हणे. माझ्या पोराला पुरून उरलं. मी ह्याला उरू देणार नाही.” आणि बत्ता पुन्हा घातला.

मी पोरीला ओढून परसात नेली, हौदात उभी केली आणि डोक्यावरून पाणी ओतत राहिले. पाणी थंड होतं, ती ओरडत होती. मग पदर भिजवून नाकाला बांधला आणि आत जाऊन आधी सासूबाईंच्या अंगावर घागर रिकामी केली, मग खलात ओतलं. त्यांनी बत्ता ठेवला. मी दारापर्यंत पाणी शिंपडत गेले. दोन दिवस पुसत होते, प्रत्येक फडकं ओलंच मडक्यात टाकत होते. तीन मडकी झाली. खलबत्ताही पुरला. पाट्याशेजारी आता वरवंटा ठेवला आहे. तुम्ही सांगितलेलं सगळं केलं, वन्सं, एकही गोष्ट चुकवली नाही. पण आढ्यावर माझा हात पोचत नाही. सकाळी कवडसा आत आला की मी दार लावून घेते. मला त्यात बघायचं नाही.

तिसऱ्या दिवशी सासूबाई पहिल्यांदा बोलल्या. “तिला रुक्मिणीकडे पाठव.” मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. त्यांनी पुन्हा सांगितलं, “तिच्या हातचं खाऊ दे. माझ्या हातचं नको.”

बुधवारच्या गाडीनं मोहोळचे मामा तिला घेऊन येतील. मी येत नाही. सासूबाईंना कुठे ठेवू? आणि पुलाचं तुम्हांला ठाऊकच आहे.

तिला थंड दूध आवडत नाही. पाढे सतराच्या पुढे अडतात. बाबा कुठे गेले ते तिला माहीत आहे, विचारणार नाही; पण खलात ते पीठ झालं की बाबा परत येतील असं तिला वाटलं होतं का, हे मला विचारता आलं नाही. तुम्हांला जमलं तर विचारा.

तिचे कपडे मी तीन पाण्यांतून काढले आहेत. ट्रंक ओल्या फडक्यानं आतून बाहेरून पुसली आहे. तरी घरात उघडू नका. गॅलरीत नेऊन, आधी वरून पाणी शिंपडून मग उघडा. तिची बाहुली चिंध्यांची होती, तिच्यात किती धूळ असेल म्हणून ती मी पुरली. वाटेत हरवली असं मी तिला सांगणार आहे. तुम्हीही तसंच सांगा.

स्टेशनावर तुम्हांला बघितल्याबरोबर ती धावत सुटेल, पदराला तोंड पुसेल, तिची ती सवय आहे. तुम्हांलाही राहवणार नाही. पण वन्सं, एवढं माझं ऐका. दोन हात लांब धरा. आधी डोक्यावरून न्हाऊ घाला, मग पोटाशी धरा.

पद्मजा